ऑगस्टमध्ये टँकर कुठून आले? : एका सोसायटीच्या चार्टांचं प्रकरण

पुण्यातल्या आमच्या सोसायटीचं ऑफिस म्हणजे पार्किंगच्या कोपऱ्यातली, मीटर रूमला लागून असलेली खोली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथे कमिटीची बैठक होती. खजिनदारकाकांनी लॅपटॉप उघडून २०२४-२५ चा टँकर-खर्चाचा चार्ट दाखवला. बारा महिन्यांचे बारा ठिपके, त्यांना जोडणारी निळी रेघ. रेघ जवळजवळ सपाट, मधूनमधून किंचित उंचवटे. उभ्या अक्षावर शून्य ते सहा.

"चार म्हणजे चाळीस हजार असणार," सचिव म्हणाले. कोणी हरकत घेतली नाही.

मग बी विंगच्या काकूंनी चष्मा पुसून विचारलं, "ऑगस्टचा ठिपका मेच्या वर कसा? ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात, भिडे पूल बुडतो, आणि आपण मेपेक्षा जास्त टँकर मागवले?"

खोलीत शांतता. काकांनी चार्ट बंद केला आणि दुसरा उघडला. तो थ्रीडी पाय चार्ट होता, आठ रंगांचा. त्यात टँकरचा लालभडक तुकडा पुढे, जवळजवळ मांडीवर येऊन बसलेला. ते बघून ए विंगचे एक सभासद म्हणाले, की सी विंगवाले पाइप लावून गाड्या धुतात त्याचंच हे फळ. पुढची चाळीस मिनिटं गाड्या धुण्यावर गेली. दरमहा ३५० रुपये मेंटेनन्स वाढवायचा प्रस्ताव होता, त्यावर कोणी बोललंच नाही.

मी कमिटीवर नाही. नोकरीत दिवसभर एमआयएसचे, म्हणजे कंपनीच्या कामकाजाच्या आकड्यांचे, रिपोर्ट बनवते, हे काकांना ठाऊक होतं. त्याच रात्री साडेनऊला बेल वाजली. "तुला वेळ आहे का गं? माझं गणित बरोबर आहे, चित्रच चुकतंय."

गणितही चुकलं होतं, पण ते नंतर.

आधी वही, मग चित्र

काका बँकेतून निवृत्त झालेले. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या हिशोबाच्या प्रोग्रामवर हात बसलेला माणूस. "तेव्हा ग्राफचे प्रकार पाचच होते," ते म्हणाले, "लाइन, बार, स्टॅक्ड बार, पाय आणि एक्स-वाय. निवडायला त्रास नव्हता." हे खरंच आहे. १९८३ च्या पहिल्या लोटसमध्ये एवढेच प्रकार होते. आता एक्सेलमध्ये 'इन्सर्ट' उघडलं की मिठाईच्या दुकानात उभं राहिल्यासारखं होतं आणि माणूस सगळ्यात चकाकणारी वस्तू उचलतो.

टँकरवाला दर शनिवारी बिल देतो. काकांनी प्रत्येक बिलाची एक ओळ केली होती: तारीख, महिना, टँकर, दर, रक्कम, शेरा. वर्षाच्या बावन्न ओळी, अगदी नेटक्या. मांडणी योग्य होती, हे आधी सांगते, कारण निम्म्या सोसायट्यांच्या फाइलमध्ये महिन्यांचे आडवे रकाने, मधे जोडलेले सेल आणि तीन-तीन ठिकाणी बेरजा असतात. तिथे चार्ट काढायच्या आधीच संध्याकाळ संपते.

या बावन्न ओळींवरून काकांनी पिव्होट टेबल, म्हणजे लांब यादीची महिनावार गोळाबेरीज करून देणारा एक्सेलचा तक्ता, आणि त्यावरून पिव्होट चार्ट काढला होता. टेबलच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'काउंट ऑफ रक्कम'. 'सम' म्हणजे बेरीज नाही, 'काउंट' म्हणजे मोजणी. म्हणजे चार्ट रुपये दाखवतच नव्हता, बिलांचे कागद मोजत होता. २०२४ च्या मे महिन्यात शनिवार चार, ऑगस्टमध्ये पाच. म्हणून ऑगस्ट वर.

काका खुर्चीत मागे टेकले. "मी कुठे काउंट सांगितलं त्याला?"

त्यांनी सांगितलं नव्हतं. ज्या रकान्यात सगळे आकडेच आहेत त्याची एक्सेल बेरीज धरतं. त्यात एखादा सेल मजकुराचा निघाला, की ते आपणहून मोजणीवर जातं. आम्ही रकाना वरून खाली पाहत गेलो. आकडे उजवीकडे चिकटलेले, आणि अगदी तळाशी, मार्चच्या शेवटच्या दोन ओळींत, डावीकडे, शब्दांसारखे चिकटलेले दोन: '२०,९००/-' आणि '२२,०००/-'. पस्तीस वर्षं चेकवर आणि व्हाउचरवर रकमेपुढे '/-' मारायची सवय. कोणी पुढे आणखी आकडा घुसवू नये म्हणून मारायची ती रेघ. कागदावर ती पहारा देते, सेलमध्ये मात्र आकड्याला शब्द करून टाकते.

नुसतं 'काउंट'चं 'सम' केलं असतं तर आणखी वाईट झालं असतं. बेरजेत हे दोन सेल धरले गेले नसते आणि टँकरचा खर्च ६,९२,१०० आला असता, ऑडिटरच्या पत्रकात मात्र ७,३५,०००. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, ४२,९०० रुपयांचा फरक सापडला असता तर काय झालं असतं याची कल्पना कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्याला येईल. 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये '/-' च्या जागी काहीच नाही असं करून टाकलं. दोन्ही आकडे टुणकन उजवीकडे गेले.

मग 'सम' केलं. सपाट रेघेची करवत झाली.

एप्रिल उंच, पुढचे दोन ठिपके तळाला, मग एकदम वर, पुन्हा खाली, आणि मे महिन्याचं शिखर उजव्या टोकाच्या एक ठिपका अलीकडे, सप्टेंबरच्या आधी. आडव्या अक्षावर पाहिलं: एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर... पिव्होटने महिने बाराखडीप्रमाणे लावले होते. इंग्रजी महिन्यांचा क्रम एक्सेलला ठाऊक असतो, देवनागरीत लिहिलेला 'मार्च' त्याच्या लेखी नुसता शब्द. रेघ सपाट होती तोवर हे कोणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. एक चूक दुसरीवर पांघरूण घालून बसली होती.

उपाय म्हणजे महिन्याचा रकाना सोडून तारखेवरून गट करायचे, महिना आणि वर्ष दोन्ही निवडून. नुसता महिना निवडला तर जानेवारी आधी येतो आणि आपलं एप्रिल ते मार्चचं वर्ष मधेच तुटतं. पहिल्या फटक्यात एक्सेलने नकार दिला. एका ओळीत तारीख '३१.०८.२०२४' अशी टिंबं देऊन लिहिली होती, तीही शब्दच ठरली. ती दुरुस्त केल्यावर खरी आकृती उमटली.

टँकरची संख्या अशी होती: एप्रिल १०४, मे १२८, जून ७१, जुलै २२, ऑगस्ट १४, सप्टेंबर १८, ऑक्टोबर २७, नोव्हेंबर ३८, डिसेंबर ४६, जानेवारी ६२, फेब्रुवारी ७६, मार्च ९४. एकूण ७००. पुण्यात एखादं वर्ष काढलेल्या कोणालाही ही आकृती बघताक्षणी पटेल.

काका बराच वेळ बघत राहिले. "आता हे आपलं वर्ष वाटतंय."

पाय चार्टचं काय करायचं

दुसऱ्या संध्याकाळी पाय चार्टकडे वळलो. काकांचा त्यावर जीव होता. मी वाद न घालता तो फिरवला. चार्ट निवडून रोटेशनचा कोन बदलत नेला, तसा लाल तुकडा मागे गेला आणि सुरक्षा रक्षकांचा निळा पुढे आला. आता सुरक्षा टँकरच्या दीडपट वाटायला लागली. आकडे तेच: सुरक्षा ८,१६,००० म्हणजे २६ टक्के, टँकर ७,३५,००० म्हणजे साडेतेवीस टक्के. थ्रीडीमध्ये तबकडी तिरकी पडते, पुढच्या तुकड्याची जाड कडा दिसते आणि डोळा ती कडाही हिशोबात धरतो. बैठकीत टँकर 'मांडीवर' आला होता तो एवढ्यामुळे.

थ्रीडी काढून साधा गोल केला तरी आठ तुकड्यांत २६ आणि साडेतेवीस यांतला फरक नजरेला कळत नाही. १९८४ साली क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी माणसाची नजर काय नीट मोजते याचे प्रयोग करून दाखवले होते. एकाच पट्टीवरची जागा सगळ्यात अचूक, कोन आणि क्षेत्रफळ त्याच्या बरेच मागे. एकाच पट्टीवरची जागा म्हणजे साधा बार चार्ट. तो विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्येच छापला होता. गंमत अशी की १८०१ मध्ये पाय चार्टही त्यानेच आणला.

मी पाय चार्टची शत्रू नाही. दोन-तीन तुकडे असतील आणि सांगायचं असेल 'निम्म्याहून जास्त', तर तो उत्तम. पण इथे अडचण वेगळीच होती. पाय चार्ट सांगतो की या वर्षीचा रुपया कुठे कुठे गेला. सभासद विचारणार होते की गेल्या वर्षीपर्यंत भागत होतं ते या वर्षी का भागलं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून लॅपटॉप मिटवला आणि काकांच्या हाती कागद दिला. "एजीएममध्ये लोक काय विचारतील ते लिहा. त्यांच्याच शब्दांत." काकांनी लिहिलं:

'मेंटेनन्स का वाढवता?'
'टँकरवर एवढा खर्च कसा? पाणी कोण उधळतं?'
'कुठल्या विंगला जास्त लागतं?'
'टँकर मेंटेनन्समध्ये का घालता, नळांवर का नाही?'

शेवटचा प्रश्न चार्टचा नव्हेच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) पाण्याचा आकार फ्लॅटमधल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर आहे, तर सेवा शुल्क सगळ्यांना सारखं. टँकर यातल्या कशात धरायचा हा ठरावाचा विषय. तो बाजूला ठेवला.

पहिला प्रश्न

दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडले, वाढीच्या क्रमाने:

| बाब | २०२३-२४ | २०२४-२५ | वाढ |
|---|---|---|---|
| टँकर | ५,७६,००० | ७,३५,००० | १,५९,००० |
| सुरक्षा | ७,५६,००० | ८,१६,००० | ६०,००० |
| दुरुस्ती | १,७४,००० | २,१०,००० | ३६,००० |
| सामायिक वीज | ४,४१,००० | ४,६८,००० | २७,००० |
| साफसफाई | ३,७२,००० | ३,९६,००० | २४,००० |
| इतर | १,३७,००० | १,५३,००० | १६,००० |
| लिफ्ट | २,२८,००० | २,४०,००० | १२,००० |
| पाणीपट्टी | १,०६,००० | १,१२,००० | ६,००० |
| एकूण | २७,९०,००० | ३१,३०,००० | ३,४०,००० |

फ्लॅट ८४, मेंटेनन्स महिना २,८००, म्हणजे वर्षाची जमा २८,२२,४००. आदल्या वर्षी ३२,४०० शिल्लक, या वर्षी ३,०७,६०० तूट. तूट दर फ्लॅटला दरमहा ३०५ रुपये पडते, थोडी पुढची सोय धरून प्रस्ताव ३५० चा.

इथे मी स्वतः घसरले. ऑफिसच्या सवयीने वॉटरफॉल चार्ट काढायला बसले. डावीकडे २७.९ लाखांचा खांब, मग एकेका वाढीची पायरी, उजवीकडे ३१.३ लाखांचा खांब. हा प्रकार एक्सेलमध्ये २०१६ पासून तयार मिळतो. काकांच्या मशीनवर २०१० आहे, म्हणून स्टॅक्ड कॉलम, म्हणजे एकावर एक थरांचा खांब, घेतला, खालच्या थराचा रंग काढून टाकला आणि वरचा तुकडा हवेत तरंगता ठेवला. झकास दिसत होता, पण पायऱ्या चिमुकल्या. तीस लाखांच्या अक्षावर सहा हजारांची पाणीपट्टी म्हणजे केसाएवढी रेघ. पायऱ्या दिसाव्यात म्हणून अक्ष पंचवीस लाखांपासून सुरू केला, तर टोकाचे दोन खांब खोटं बोलायला लागले: २.९ आणि ६.३, म्हणजे खर्च दुपटीहून जास्त वाढल्यासारखा. खांबाची उंची हाच त्याचा आकडा, त्यामुळे खांबाचा पाय कापता येत नाही. रेघेच्या चार्टला एवढं बंधन नाही, तिथे डोळा चढ-उतार बघतो.

तरी मला मोह होता. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "हे खांब असे लटकलेत का?" मी समजावलं, तिने मान डोलावली, आणि मग, "पण लटकलेत का?"

वॉटरफॉल गेला. त्याच्या जागी नुसत्या वाढीचा आडवा बार चार्ट आला. आठ पट्ट्या, शून्यापासून, मोठी वर आणि छोटी खाली. आडवा अशासाठी, की 'सामायिक वीज' असली नावं उभ्या खांबांखाली मावत नाहीत, एक्सेल ती तिरकी करतं आणि तिरकी देवनागरी वाचताना मान मोडते. एक अडचण या चार्टमध्ये प्रत्येकाला येते: शीटमध्ये पहिली असलेली ओळ चार्टमध्ये सगळ्यात खाली जाते. उभ्या अक्षाच्या फॉरमॅटमध्ये 'कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर' ला खूण केली की सरळ होतं. अक्षावर १६०००० असले लांबलचक आकडे नकोत म्हणून डिस्प्ले युनिट्समध्ये १००००० निवडलं. बाजूला 'x 100000' असं काहीतरी उमटतं, ते पुसून 'लाख रुपये' लिहिलं.

चार्टच्या डोक्यावर काकांनी 'खर्चाचे तुलनात्मक विवरण' असं लिहिलं होतं. ते खोडून त्यांनाच विचारलं, की शेजाऱ्याला एका वाक्यात काय सांगाल? ते म्हणाले, "खर्च ३ लाख ४० हजारांनी वाढला, त्यात निम्मा टँकरचा." १,५९,००० म्हणजे जवळजवळ ४७ टक्के. 'जवळजवळ निम्मा' असं करून तेच वाक्य शीर्षक झालं. टँकरची पट्टी गडद, बाकी सात करड्या.

दुसरा प्रश्न, आणि काकांचा पराक्रम

तिसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधी काकांनी एक व्हिडिओ बघून स्वतःच चार्ट काढून ठेवला होता: टँकरची संख्या खांबांत, दर रेघेत, रेघेला उजवीकडे वेगळा अक्ष. दर एप्रिल-मेमध्ये १,००० रुपये, जून ते डिसेंबर १,०५०, जानेवारीपासून १,१००. आकडे एकमेकांजवळ असल्यामुळे एक्सेलने उजवा अक्ष आपणहून हजाराच्या जरा खालून सुरू केलेला. दहा टक्क्यांची वाढ सिंहगडाच्या शेवटच्या चढासारखी दिसत होती.

"आणि हे बघ," काका एका जागी बोट ठेवून म्हणाले, "इथे रेघ खांबांना ओलांडून जाते. इथून आपल्याला परवडेनासं झालं."

तिथे काहीच झालं नव्हतं. डाव्या पट्टीवर टँकर, उजव्या पट्टीवर रुपये. कुठलाही अक्ष थोडा ताणला की छेद दुसऱ्या महिन्यात सरकतो. मी उजवा अक्ष शून्यापासून केला, तशी रेघ वर जाऊन जवळजवळ आडवी झाली आणि छेद नाहीसा झाला. काका हिरमुसले, पण बँकेतला माणूस, ताबडतोब समजला. दोन अक्षांचा चार्ट कामाचा नसतोच असं नाही. पण ज्या सभेत माणसं आधीच भांडणाच्या तयारीने येतात तिथे नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्यातून प्रत्येकाला आपापला निष्कर्ष काढता येतो.

पण काकांच्या चार्टमध्ये एक खरी गोष्ट दडली होती: दर वेगळा बघायला हवा. तोवर आम्ही दोघंही 'टँकरचा खर्च' असं एकत्रच बोलत होतो.

आदल्या वर्षी टँकर ६४०, दर वर्षभर ९००. या वर्षी टँकर ७००, सरासरी दर १,०५०. वाढलेले ६० टँकर जुन्या दराने धरले तर ५४,००० रुपये. सातशे टँकरवर प्रत्येकी १५० रुपये जादा म्हणजे १,०५,०००. बेरीज बरोबर १,५९,०००. काटेकोर सांगायचं तर यातले ९,००० रुपये, म्हणजे जादाच्या साठ टँकरवरची दरवाढ, कुठल्याही बाजूला टाकता येतात. मी ते दराकडे धरले. टँकरच्या संख्येकडे टाकले तरी निकाल तोच: वाढीतला मोठा वाटा पाण्याचा नव्हता, भावाचा होता.

म्हणजे गाड्या धुण्यावरची ती चाळीस मिनिटं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं होतं.

हे दाखवायला दोन छोटी चित्रं केली. एकात दोन्ही वर्षांच्या महिनावार टँकर-संख्येच्या रेघा, एप्रिल ते मार्च, एकावर एक. इथे मात्र खांब नकोत. चोवीस खांबांच्या कुंपणात आकृती हरवते, रेघांत ती एका नजरेत दिसते. दोन्ही वर्षांचा डोंगर आणि दरी जवळजवळ जुळत होती, नवी रेघ किंचित वर. दुसऱ्यात फक्त दोन आडव्या पट्ट्या: 'जादा टँकर ५४,०००' आणि 'वाढीव दर १,०५,०००'. दोन आकड्यांना चार्ट कशाला, असं काका म्हणाले. नियमाने त्यांचं बरोबर आहे, दोन आकडे वाक्यातही मावतात. पण मागच्या खुर्च्यांवर बसणारे वाक्य वाचत नाहीत.

विंगवार प्रश्नाचा चार्ट काढलाच नाही. काकांनी एक करून ठेवला होता, एकूण टँकर भागिले तीन विंग. तीन सारखे खांब. टाकीत येणारं पाणी एकत्र, मीटर एकही नाही. आकडा नसताना काढलेला तो चार्ट सभेत पुरावा म्हणून नाचवला गेला असता. त्या जागी अहवालात ओळ आली: 'विंगनिहाय वापराची नोंद उपलब्ध नाही.'

झेरॉक्स

सभा २१ सप्टेंबरला ठरली होती. सर्वपित्री अमावस्या आहे म्हणून कुरकुर झाली, पण ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते आणि पूर्ण चौदा दिवसांची नोटीस हवी. म्हणजे कागद अनंत चतुर्दशीच्या आत वाटायला हवेत, आणि त्या दिवशी पुण्यात झेरॉक्सचं दुकान उघडं मिळण्याची आशा कोण करणार? ५ तारखेला संध्याकाळी, ढोलांच्या आवाजात, ८४ प्रती काढायला गेलो.

पहिली प्रत हातात आल्यावर कळलं की दोन वर्षांच्या निळ्या आणि केशरी रेघा झेरॉक्समध्ये एकाच राखाडी रंगाच्या झाल्यात. बाजूची रंगांची चौकट, ती लेजंड, निरुपयोगी. दुकानातल्याच कॉम्प्युटरवर फाइल उघडून जुन्या वर्षाची रेघ तुटक केली, लेजंड उडवला आणि प्रत्येक रेघेच्या शेवटच्या ठिपक्याला लेबल लावून त्यात वर्ष टाइप केलं. दहा मिनिटांचं काम. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लोक हे बघतात तरी का?"

सभा

बघितलं. कोरमसाठी अर्धा तास तहकूब होऊन सभा सुरू झाली तेव्हा सी विंगचे आजोबा कागद घेऊनच उठले. "गाड्या धुण्याबद्दल मला बोलणं ऐकावं लागतं. इथे तर लिहिलंय की दर वाढला." ए विंगमधून उत्तर आलं नाही.

पुढे जे झालं ते मी धरलं नव्हतं. एका सभासद बाईंनी विचारलं, "जानेवारीत दर १,१०० झाला तेव्हा दुसऱ्या कोणाचं कोटेशन घेतलं होतं का?" घेतलं नव्हतं. टँकरवाल्याने फोनवर सांगितलं आणि कमिटीने हो म्हटलं. पुढचा पाऊण तास कमिटीची उलटतपासणी. पाय चार्टच्या धुरळ्यात लपलेली गोष्ट आम्ही स्वच्छ छापून घरोघर वाटली होती. मधे चहाला सचिव माझ्याजवळ आले. "तुमच्या चार्टने आमच्याच अंगावर आणलं."

ठराव झाला तो असा: मेंटेनन्स ऑक्टोबरपासून ३५० ऐवजी ३०० ने वाढवायचा, टँकरसाठी तीन कोटेशनं मागवायची, आणि प्रत्येक विंगच्या टाकीच्या पाइपवर मीटर बसवायचा. ३०० ने वर्षाला ३,०२,४०० जमतात, तूट ३,०७,६०० ची. फरक ५,२०० चा. तो काकांनी जागेवर तोंडी सांगितला आणि दर खाली आला की भरून निघेल, असं म्हणून लोकांनी हात वर केले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काकांनी फाइल माझ्याशी शेअर केली. तीन नवे रकाने होते, ए, बी, सी, मीटर बसल्यावर भरायला. तारखा नीट. महिन्याचा रकाना काढून टाकलेला. ४ ऑक्टोबरचं बिल, ८ टँकर, दर १,१००, आणि रकमेचा आकडा सेलच्या डाव्या कडेला चिकटून बसलेला: '८,८००/-'.

मी फोन लावला. "काका, शेवटची ओळ बघा."

"अगं हो," ते म्हणाले, "हाताची सवय."

डेटा व्हॅलिडेशन, म्हणजे सेलमध्ये आकड्याशिवाय काही शिरू न देणारी सोय, लावायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. ते त्या रात्री लावलं.